लाँग रेंज मॅचेससाठी आधी काय घ्यावं आणि काय मागून घेतलं तरी चालतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. हाताशी .३०८ विंचेस्टरची साधी फॅक्टरी रायफल आहे, तिच्यावर शिकारीच्या धाटणीचा ३-९ स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा). बऱ्या काडतुसांनी १०० मीटरवर साधारण १ एमओएचा (अंशाच्या साठाव्या भागाचा, इथे सुमारे ३ सेंटिमीटरचा) ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा, येतो. पुढच्या मोसमापासून स्टीलच्या प्लेट्सवरच्या लाँग रेंज मॅचेस खेळायच्या आहेत. यादीत ६ मिमीची नवी रायफल, मोठा स्कोप, वाऱ्याचं मीटर, क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र), रेंजफाइंडर आणि ट्रायपॉड आहे. सगळं एकदम परवडणार नाही, मग सुरुवात कशापासून करायची?

यादीतली एकही वस्तू वाया जाणारी नाही. पण क्रम लावायचा तर आधी हे बघायला हवं, की नवख्या नेमबाजाचे गुण नेमके कुठे गळतात. मी मॅचेस खेळतो तसा नव्या लोकांच्या मागे स्पॉटर (गोळी कुठे पडली ते बघणारा) म्हणूनही बराच बसतो. चुकलेल्या गोळ्यांची कारणं तिथून स्वच्छ दिसतात, आणि त्यांत 'रायफल पुरेशी अचूक नव्हती' हे कारण क्वचितच असतं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी बोलून घेऊ. पहिली, मॅचचा प्रकार. एफ-क्लास असेल तर हिशेबच वेगळा. तिथे ठरलेल्या अंतरावर पालथं झोपून, बायपॉड किंवा रेस्टवरून सावकाश मारायचं असतं. एफ-टीआर गटात .३०८ आणि .२२३ एवढीच कॅलिबर चालतात आणि बायपॉडसकट रायफल ८.२५ किलोच्या आत लागते, त्यामुळे तुमची .३०८ तिथे सरळ बसते. पण तुम्ही प्लेट्स म्हणताय, म्हणजे पीआरएसच्या (प्रिसिजन रायफल सिरीज) वळणाची मॅच धरतो. दीड-दोन मिनिटांची स्टेज, आठ-दहा गोळ्या, बॅरिकेड, छपराचा उतार, टायर, आणि ३०० ते १००० मीटरच्या दरम्यान कुठेतरी लावलेल्या प्लेट्स.

दुसरी, तुमच्या रायफलीचं मॅगझिन. हे तुम्ही लिहिलेलं नाही. आत बसवलेलं चार गोळ्यांचं मॅगझिन असेल तर दहा गोळ्यांच्या स्टेजमध्ये मध्येच बोटांनी एकेक काडतूस भरत बसाल आणि घड्याळ काही थांबणार नाही. तसं असेल तर काढता येणारं दहा गोळ्यांचं मॅगझिन बसेल असा बॉटम मेटल (मॅगझिन धरणारा खालचा धातूचा भाग) किंवा चेसिस (दस्त्याऐवजीचा धातूचा सांगाडा) हा खर्च टळत नाही, तो स्कोपच्या बरोबरीने धरा.

तिसरी, कायदा. कोणतं कॅलिबर, किती काडतुसं, परवान्यावर काय नोंदवावं लागतं हे देशागणिक बदलतं, म्हणून पैसे देण्याआधी ते बघून घ्या. काडतुसं मोजकीच मिळत असतील तर पुढे .२२ बद्दल लिहिलंय, ते तुम्हाला जास्त कामाचं.

आता आकडे बघू. १ एमओए म्हणजे १००० मीटरवर २९ सेंटिमीटर. तुमचा ग्रुप तिथे आदर्श स्थितीत तेवढाच उघडेल. पुष्कळ पैसे घालून अर्ध्या एमओएची रायफल आणली तर तो १५ सेंटिमीटरवर येईल, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला ७ सेंटिमीटर वाचले. याउलट १७५ ग्रेन (साधारण ११ ग्रॅम) वजनाच्या गोळीच्या .३०८ ला आडव्या वाऱ्याचा अंदाज सेकंदाला १ मीटरने चुकला, तर त्याच अंतरावर गोळी साधारण ७० सेंटिमीटर बाजूला जाते. ६ मिमी किंवा ६.५ क्रीडमूरला तीच चूक अर्ध्या मीटरच्या आसपास पडते. प्लेट असते ५०-६० सेंटिमीटरची. ६ मिमीचा वाऱ्यातला फायदा खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण वारा १ मीटरने चुकीचा धरला तर दोन्ही गोळ्या प्लेटच्या बाहेरच जातात.

वाऱ्याचा अंदाज विकत मिळत नाही, तो गोळ्या झाडून येतो. म्हणून पहिला मोठा खर्च काडतुसांवर. एका दिवसाच्या मॅचला ८०-१०० गोळ्या लागतात, दोन दिवसांच्या मॅचला २०० च्या घरात. सरावाच्या वेगळ्या. मॅच ग्रेडची एक जात ठरवा, दोन-तीन पेट्या रायफलीला मानवतात का बघा, आणि मग एकाच लॉटची जेवढी उचलता येतील तेवढी उचला. लॉट बदलला की वेग बदलतो, वेग बदलला की सगळा डोप (कोणत्या अंतराला किती चढ, याचे आकडे) पुन्हा तपासावा लागतो. स्वस्त काडतुसांत गोळी-गोळीच्या वेगात सेकंदाला १५ मीटरपर्यंत फरक दिसणं नवलाचं नाही. १०० मीटरवर तो कळतही नाही. १००० मीटरवर मात्र .३०८ ची एक गोळी दुसरीपेक्षा अर्धा मीटर खाली पडते आणि तुम्ही विनाकारण स्वतःच्या ट्रिगरला दोष देत बसता.

हँडलोडिंगचा मोह पहिल्या मोसमात आवरा. प्रेस, डाय, काटा हे सगळं एका कोपऱ्यात बसतं, पण वेळ खातं. तो वेळ रेंजवर घालवलेला बरा.

दुसरा मोठा खर्च स्कोपवर. तुमच्या ३-९ ची अडचण काचेत नाही, टरेटमध्ये, म्हणजे नेम सरकवणाऱ्या फिरत्या चकतीत आहे. १०० मीटरवर झिरो केलेल्या (नेम आणि गोळी जुळवलेल्या) .३०८ ला १००० मीटरसाठी १२ ते १३ मिल वर चढवावं लागतं (१ मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग). शिकारीच्या बहुतेक स्कोपांत झिरोपासून वर तेवढा प्रवास उरतच नाही. शिवाय टोप्यांखाली झाकलेले टरेट, लांबच्या अंतराला न जुळणारा पॅरलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसणं) आणि एकाच मॅग्निफिकेशनवर खरं माप सांगणारा रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या खुणा). घाईच्या स्टेजमध्ये यातली प्रत्येक गोष्ट आड येते.

घेताना मी हे बघतो. रेटिकल आणि टरेट दोन्ही मिलमध्ये हवेत. एक मिलमध्ये आणि दुसरं एमओएमध्ये असा संकर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. फर्स्ट फोकल प्लेन हवा, म्हणजे कोणत्याही मॅग्निफिकेशनवर १ मिल हा १ मिलच राहतो. झिरो स्टॉप हवा, म्हणजे टरेट फिरवून परत आणताना एक अख्खा फेरा चुकत नाही. वाऱ्यासाठी बाजूला खुणा असलेला रेटिकल हवा, पण जाळ्यासारखा भरगच्च नको. मॅग्निफिकेशनच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ५-२५ चा स्कोप लावणारे बहुतेक जण स्टेजवर १० ते १५ वरच खेळतात, कारण त्याहून वर गेलं की दृश्य आक्रसतं, पुढची प्लेट शोधताना सेकंद जातात आणि आपली गोळी पडलेली दिसत नाही. पैसे तेवढेच असतील तर वरच्या आकड्याऐवजी टरेटच्या खरेपणाला द्या.

तो खरेपणा तपासायची पद्धत साधी आहे. १०० मीटर अंतर टेपने मोजा. उंच फळीवर ओळंब्याने सरळ उभी रेघ मारा, खाली एक ठिपका काढा आणि त्याच्यापासून बरोबर १०० सेंटिमीटर वर आडवी रेघ. ठिपक्यावर नेम धरून एक ग्रुप मारा, टरेट १० मिल वर फिरवा आणि नेम न हलवता त्याच ठिपक्यावर पुन्हा मारा. दुसरा ग्रुप पहिल्यापासून १०० सेंटिमीटर वर यायला हवा, तोही रेघेला धरून. ९७ वर आला तर स्कोप ३ टक्के कमी चढतोय, आणि १२ मिलच्या चढावर ती तूट ३६ सेंटिमीटरची होते. ग्रुप रेघ सोडून एका बाजूला सरकला तर स्कोप रायफलीवर तिरका बसलाय. मग टरेट शून्यावर आणून पुन्हा खाली मारा, पहिल्याच भोकांत पडायला हवं. ही चाचणी न केलेला स्कोप घेऊन मॅचला गेलात तर दिवसभर वाऱ्याशी भांडाल आणि दोष वाऱ्याचा नसेलच.

माउंटवर काटकसर नको. २० एमओएचा उतार असलेला बेस घ्या, त्याने वरचा प्रवास जवळजवळ ६ मिलने वाढतो. स्क्रू टॉर्क रेंचने, निर्मात्याने सांगितलेल्या आकड्याला कसा. रिंगच्या टोप्यांसाठी तो साधारण २ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे हाताने 'जरा अजून' करणारे हमखास ओलांडतात. कसून झालं की स्क्रूच्या डोक्यावरून रिंगवर रंगाची एक बारीक रेघ ओढा. सकाळी रायफल पेटीतून काढल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर झिरो तपासल्याशिवाय पहिल्या स्टेजवर जाऊ नका.

पाण्याच्या बुडबुड्याची लेव्हल स्कोपवर लावा. एवढ्या कमी पैशात एवढे गुण वाचवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. रायफल ३ अंश कलली तर १००० मीटरवर गोळी अर्ध्या मीटरहून जास्त बाजूला जाते आणि बॅरिकेडच्या तिरक्या कडेवर ३ अंश कलल्याचं डोळ्याला समजतही नाही.

आता तुमच्या यादीत नसलेली, पण स्कोपनंतर लगेच घ्यायची वस्तू: बॅग. जड भरणाची, मध्यम आकाराची, जाड कॅनव्हासची एक सपोर्ट बॅग. नवखा नेमबाज बॅरिकेडवर कसा हरतो ते मागे बसून बघा. बझर वाजतो, तो रायफलीचा फोरएंड (दस्त्याचा पुढचा भाग) थेट लाकडावर टेकवतो, क्रॉसहेअर प्लेटभोवती आठचा आकडा काढत राहतो, आणि तो आकडा प्लेटवरून जाईल त्या क्षणी हा ट्रिगर झटकतो. गोळी बाजूला. मग रायफल आणखी घट्ट पकडतो, थरथर वाढते. सहा गोळ्या होईपर्यंत वेळ संपते, चार तशाच मॅगझिनमध्ये राहतात. त्याच्या हातात अर्ध्या एमओएची रायफल दिली असती तरी हेच झालं असतं.

त्याच जागी जड बॅग आधी लाकडावर थापून बसवायची, तिच्यात रायफलीचा तोल जिथे सापडतो तो भाग, म्हणजे मॅगझिनच्या जरा पुढचा, रुतवायचा. दोन्ही हात सोडून बघायचं. रायफल स्वतःहून उभी राहिली आणि क्रॉसहेअर प्लेटच्या आसपास राहिला तर पोझिशन जमली. मग हातांनी फक्त मागून साथ द्यायची. हीच बॅग पालथं झोपल्यावर दस्त्याखाली जाते, छपरावर कोपराखाली जाते. हलक्या भरणाची बॅग वाहायला सोपी, पण ती लाकडावरून घसरते आणि रायफल तिच्यात बसत नाही. मी जडच वापरतो आणि नव्या माणसालाही जडच घ्यायला सांगतो.

बॅगची आणखी एक खुबी म्हणजे तिचा सराव घरात होतो. खुर्चीची पाठ, शिडीची पायरी, भिंतीवर ठिपका आणि फोनवर दीड मिनिटाचा टायमर. चेंबर आणि मॅगझिन रिकामं असल्याची दोनदा खात्री, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, आणि मग ड्राय फायर, म्हणजे काडतुसाविना ट्रिगर दाबणं. बॅग ठेवणं, रायफल बसवणं, बोल्ट ओढणं, पुढच्या टेकूवर जाणं. मॅचमध्ये जे सेकंद वाचतात ते इथे कमावलेले असतात.

कानांचा विषय आटोपशीर: इअरप्लग आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक इअरमफ, दोन्ही. सेंटरफायर रायफलीचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो, कानाला इजा १४० पासून धरतात, आणि शेजारच्याच्या रायफलीवर मझल ब्रेक (नळीच्या टोकाला बसणारा, धक्का कमी करणारा पण आवाज बाजूला फेकणारा भाग) असतो. मफ बारीक कपांचे घ्या, जाड कप दस्त्याला लागून उचकटतात. चष्मा आणि चेंबर फ्लॅगही (चेंबर रिकामं असल्याची दिसती खूण) पहिल्या दिवसापासून.

बायपॉड आहे तो हलत नसेल तर राहू द्या. गालाची उंची नव्या स्कोपमुळे कमी पडेल, फोम आणि टेपने वाढवा, दिसायला वाईट पण काम चोख. ट्रिगर स्वच्छ तुटत असेल तर हात लावू नका.

उरलेल्या यादीचं आता बघू.

क्रोनोग्राफ एका दुपारपुरता लागतो. रेंजवर कोणाकडे तरी रडारवाला असतोच, मागून घ्या. वीसेक गोळ्यांचा सरासरी वेग लिहून घ्या, बॅलिस्टिक ॲपमध्ये भरा, मग ६०० आणि ९०० मीटरवर खरोखर किती मिल लागले ते पडताळून ॲपमधला वेग थोडा मागेपुढे करून जुळवा. लॉट बदलेल तेव्हा पुन्हा.

रेंजफाइंडर या प्रकारात सगळ्यात शेवटी. बहुतेक मॅचेसमध्ये अंतरं ब्रीफिंगमध्येच सांगतात. मनगटाला लावायची डोप कार्डाची पाटी आणि एक पेन्सिल यावर निभावतं.

वाऱ्याच्या मीटरचं मत जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे लोक सर्वांत जास्त पैसे लवकर घालतात. मीटर तुम्ही उभे आहात तिथला वारा सांगतं. मधल्या दरीतला आणि प्लेटजवळचा वारा त्याला कळत नाही. बॅलिस्टिक सॉल्व्हर (गोळीच्या मार्गाचं गणित) असलेलं महागडं मीटर सोयीचं आहे यात शंका नाही, पण पहिल्या वर्षी साधं पंख्याचं पुरतं. त्याचा खरा उपयोग डोळ्यांना सवय लावायला. चेहऱ्यावर वारा जाणवला की आधी मनात आकडा धरायचा, मग मीटर बघायचं. काही दिवसांत तुमचा अंदाज मीटरच्या जवळ यायला लागतो. पुढचा धडा स्कोपमधल्या मृगजळाचा. फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की हवेच्या लाटा दिसतात. सरळ वर उकळत असतील तर वारा थांबलाय किंवा थेट समोरून वा मागून आहे, तिरक्या असतील तर हलका, आणि पार आडव्या वाहायला लागल्या की सेकंदाला ५ मीटरच्या आसपास. त्याहून जोराच्या वाऱ्यात लाटा आडव्याच राहतात, मग गवत आणि झाडांकडे बघावं लागतं.

.२२ चा विषय इथेच. तुमच्याकडे अचूक बोल्ट ॲक्शन .२२ असेल किंवा मिळणार असेल, तर वाऱ्याचा सराव तिच्यावर करा. २०० मीटरवर .२२ ला वाऱ्यासाठी जेवढे मिल धरावे लागतात, ते .३०८ च्या हजार मीटरच्या जवळ जातात. गोळी स्वस्त, नळी झिजत नाही, धक्का नाही, त्यामुळे प्रत्येक चूक डोळ्यांसमोर घडते.

ट्रायपॉड चांगला घ्यायचा तर स्कोपइतका खर्च होतो आणि हलका घेतला तर उपयोग नाही. ट्रायपॉडची स्टेज असते तेव्हा स्क्वॉडमधलं कोणीतरी देतं. मागायची लाज बाळगू नका, या खेळात ते चालतं.

म्हणजे तुमच्या बाबतीत क्रम असा: कानांचं संरक्षण, एका लॉटची काडतुसं, खरा चढणारा स्कोप नीट माउंट आणि लेव्हलसकट, बॅग, गरज असेल तर मॅगझिनची सोय. एवढ्यावर मॅचला जा. स्कोपसाठी पैसे जमेपर्यंतही थांबू नका. आहे त्या रायफलीनिशी एका मॅचला स्पॉटर किंवा मदतनीस म्हणून जा, स्कोअर लिहायला बसा. कोण कोणत्या वस्तूमुळे अडलं आणि कोण कशामुळे सुटलं ते तिथे फुकट दिसतं, आणि तुमची यादी बहुधा बदलेल.

राहिली ६ मिमीची रायफल. लोक ६ मिमीकडे वळतात त्याचं मुख्य कारण माझ्या मते वारा नसून धक्का आहे. धक्का कमी म्हणून गोळी पोचते तेव्हा स्कोपमध्ये प्लेट अजून दिसत असते, ती कुठे पडली ते स्वतःला दिसतं आणि पुढची गोळी लगेच दुरुस्त करता येते. .३०८ वर हे निम्मं तरी साधता येतं. चांगला मझल ब्रेक लावा, फोरएंडला वजन वाढवा आणि रायफलीच्या सरळ मागे बसा, तिरके नको. ६ मिमीची किंमत नळीत मोजावी लागते. ६ मिमी क्रीडमूरची नळी दीड-दोन हजार गोळ्यांत उतरणीला लागते, .३०८ ची पाच हजारांपर्यंत सहज जाते. वारा शिकायच्या वर्षात ती झीज मी तरी विकत घेणार नाही.

आणि ती घ्यायची वेळ येईल तेव्हा नवी रायफल लागेलच असं नाही. .३०८, ६ मिमी क्रीडमूर आणि ६.५ क्रीडमूर या तिन्हींच्या काडतुसांचा बूड एकाच मापाचा आहे, म्हणून बोल्ट तोच चालतो, शॉर्ट ॲक्शनही (बोल्ट ज्यात चालतो तो भाग) तीच आणि बहुतेक मॅगझिनंही तीच. कायद्याने कॅलिबर बदलता येत असेल तर तुमच्या आजच्या ॲक्शनवर फक्त नळी बदलून घ्या. स्कोप, माउंट, बॅग, चेसिस सगळं जागच्या जागी राहतं. .३०८ चा वेग उतरायला लागला, एरवी जमणारे ग्रुप अधूनमधून एखादी गोळी बाहेर टाकायला लागले, की नळीची ऑर्डर देऊन टाका. चांगल्या गनस्मिथकडे रांग असते, आणि नळी पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर अर्धा मोसम वाट बघण्यात जातो.